गरोदरपणाचा विसावा आठवडा चालू आहे. घरीच व्हिडिओ बघून योगासनं केली तर चालतील का?

तुमचा प्रश्न असा: पहिलीच खेप, काम घरून, आधी रोज १२ सूर्यनमस्कार व्हायचे, आता क्लासला जाणं जमत नाही. मग घरीच करू का, आणि काय काय करू?

करा. पण सतरंजी पसरायच्या आधी सोनोग्राफीची फाइल उघडा. १८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) कुठे आहे ते लिहिलेलं असतं. ती गर्भपिशवीच्या तोंडावर किंवा तोंडापासून २ सेंटिमीटरच्या आत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नका. (तिथेच ‘मॅच्युरिटी ग्रेड’ लिहिलेली असते, ती वारेची पक्वता झाली, तिचा जागेशी संबंध नाही. यावरून उगाच घाबरलेल्या बऱ्याच जणी भेटतात.) या महिन्यात खाली दिसलेली वार बहुतेकींची पुढे वर सरकते, म्हणून ३२ व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा बघतात. गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, अंगावरून रक्त गेलं असेल, बीपी वाढलेलं असेल, हिमोग्लोबिन फारच कमी असेल किंवा जुळं असेल, तरीही आधी डॉक्टर. व्हिडिओतल्या बाईंना तुमचा रिपोर्ट ठाऊक नसतो.

सूर्यनमस्कार आता थांबवा. अष्टांग नमस्कार आणि भुजंगासनात पोटावर भार येतो, आणि भरभर खाली-वर झाल्याने चक्कर येते. सवय मोडायची नसेल तर खुर्चीच्या पाठीला धरून नुसतं वर ताणणं आणि पाठ सरळ ठेवून अर्धं वाकणं, एवढंच ठेवा. नौकासन, पोटाला पीळ देणारी आसनं, शीर्षासन-सर्वांगासन, कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणं हे सगळं बाळंतपणानंतर. बंद खोलीत घामाघूम होऊन करणंही नको. पाठीवर सपाट फार वेळ पडू नका, कारण या महिन्यापासून गर्भपिशवीचं वजन मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतं आणि गरगरतं. झोपेत उताण्या झालात म्हणून धास्ती नको, जाग आली की कुशीवर वळा.

घात होतो तो मात्र वेगळ्याच ठिकाणी. गरोदरपणात संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल होतात. त्यामुळे पूर्वी जमत नसलेला ताण आता सहज जमतो आणि ‘वा, मी लवचिक झाले’ असं वाटतं. ती लवचिकता उसनी असते. त्या दिवशी काही दुखत नाही. दोन दिवसांनी जिना चढताना किंवा कुशी बदलताना जांघेत, ओटीपोटाच्या खालच्या हाडात चमक निघते. म्हणून प्रत्येक आसनात जिथवर जाऊ शकता त्याच्या थोडं अलीकडे थांबा.

सुरुवात २० मिनिटांनी करा, सवय झाली की ३०. गुंतागुंत नसेल तर आठवड्याला एकूण १५० मिनिटं मध्यम हालचाल पुरे, चालणं त्यातच धरायचं. करताना बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटत असेल तर जास्त होतंय. उपाशीपोटी नको. अर्धा-पाऊण तास आधी एखादं केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू खा. पूर्ण जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. खुर्ची जेवणाच्या टेबलाची घ्या, ऑफिसची चाकाची नको. ती भिंतीला टेकवा. गुळगुळीत फरशीवर नुसती सतरंजी सरकते, खाली रबरी चटई हवी.

क्रम असा ठेवा. आधी तीन मिनिटं खुर्चीत बसून संथ श्वास. मग मार्जारासन: हात-गुडघ्यांवर ओणवं व्हा, तळवे खांद्यांखाली, गुडघे एकमेकांपासून कमरेइतके लांब. श्वास सोडताना पाठ वर गोल करा, घेताना पाठ फक्त सपाट करा, पोट खाली लोंबू देऊ नका. पोटाच्या वजनाने कंबर आधीच पुढे ओढली जात असते आणि तिथेच दुखणं वाढतं. असं सावकाश ८-१० वेळा. मनगटांना मुंग्या येत असतील, आणि या दिवसांत येतात, तर कोपरापर्यंतचे हात खुर्चीच्या बैठकीवर टेकवून करा.

मग भिंतीला पाठ लावून पाय दीड फूट पुढे, हळूहळू खाली घसरायचं. मांड्या जमिनीला समांतर व्हायच्या बऱ्याच आधी थांबा, तीन श्वास, वर या. पाच वेळा. यानंतर खुर्ची धरून वीरभद्रासन (एक पाय पुढे गुडघ्यात वाकवून, दुसरा मागे सरळ), प्रत्येक बाजूला ३-४ श्वास, पुढचा गुडघा घोट्याच्या सरळ रेषेत. वर सांगितलेली चमक येत असेल तर हे गाळा. एका पायावर तोल धरायची आसनं तर नकोतच.

बद्धकोनासन (तळपाय एकमेकांना जुळवून बसणं) पाटावर किंवा घडी केलेल्या चादरीवर बसून करा. टाचा अंगापासून वीतभर दूर, गुडघ्यांखाली उशा. गुडघे फडफडवणं, वरून दाबणं बंद. याच बैठकीत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू: लघवी आणि वायू दोन्ही अडवल्यासारखं आत ओढा, ५ सेकंद धरा, ५ सेकंद पूर्ण सोडा, ८-१० वेळा. या वेळी श्वास चालू ठेवायचा. प्रत्यक्ष लघवी करताना हा प्रयोग नको. नवव्या महिन्यात ओढण्यापेक्षा सोडण्यावर भर द्या, कळांच्या वेळी तेच लागतं.

शेवटी डाव्या कुशीवर शवासन, एक उशी गुडघ्यांमध्ये, एक पोटाखाली, ७-१० मिनिटं. उठताना पोटाच्या जोरावर झटक्यात उठू नका. वरचा हात जमिनीवर रेटून आधी बसा, दोन श्वास घ्या, मग उभं राहा.

उकिडवं बसणं, म्हणजे मालासन, चांगलंच आहे, पण पाटाचा आधार घेऊन. मूळव्याध, खाली असलेली वार किंवा टाका असेल तर नाही. आणि ‘रोज केलं की नॉर्मल डिलिव्हरी नक्की’ असं कुणी सांगत असेल तर हो म्हणा आणि विसरून जा. योगासनांनी कंबरदुखी, झोप, धास्ती यांत फरक पडतो. सिझेरियनची कारणं बहुतेक वेळा वेगळीच असतात.

सुरुवातीचे काही दिवस घरात कुणीतरी असताना करा, दाराला आतून कडी नको. करता करता रक्त किंवा पाणी गेलं, ठरावीक वेळाने पोट दुखून कडक व्हायला लागलं, छातीत दुखलं, न दमताच धाप लागली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा एकाच पोटरीला सूज येऊन दुखू लागलं, तर तिथेच थांबून दवाखान्यात फोन करा. आणि पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावली असं वाटलं, तर सकाळची वाट बघू नका.