‘हिला मोकळं करतो’

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा कॅनडात, ऑन्टारिओत असतो. वय ३६. दोन हिवाळ्यांपूर्वी बर्फावर गाडी घसरून त्याची मान मोडली. खांद्याखाली काही हलत नाही. तिथे डॉक्टरांच्या हातून मरण मागायचा कायदा आहे. परवा फोनवर म्हणाला, “मावशी, अर्ज करावा म्हणतोय. हिला मोकळं करतो.” माझ्या मनात आलं, सुटेल बिचारा. पण तिथल्या अपंगांच्या संघटनाच या कायद्याविरुद्ध आहेत असं वाचलं. सोसवत नाही त्याला एवढाही हक्क नको का? तुम्ही स्वतः चाकांच्या खुर्चीवर आहात, म्हणून विचारते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, त्याचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. तो बायकोबद्दल बोलतोय.

१९९४ च्या मे महिन्यात गच्चीवर सांडगे वाळत घालताना मी पडले. कठडा नव्हता. कमरेखालचं सगळं गेलं. पुढचे दहा महिने माजघरातल्या कॉटवर काढले. पाठीला भाकरीएवढी जखम झालेली, आणि मला कुशीवर वळवायला आई रात्रभर दोन-दोन तासांनी उठायची. घरी येणाऱ्या डॉक्टरांना मी म्हटलं होतं, एक इंजेक्शन द्या आणि आईला झोपू द्या. तेव्हा कुणी कागद पुढे केला असता तर सही केली असती. डॉक्टरांनी एका निवृत्त नर्सबाईंना पाठवलं. त्यांनी कॉटला दोरी बांधून आपली कूस आपण बदलायला शिकवलं, नळी घालून लघवी काढायला शिकवलं. मरायचा विचार लगेच गेला नाही, पण आईला रात्र मिळाली आणि माझ्या हट्टातला जोर ओसरला. पाय आजही हलत नाहीत.

कॅनडाचा २०१६ चा कायदा मरण दृष्टिपथात आलेल्यांपुरता होता. मार्च २०२१ मध्ये ती अट काढली. आता मरण जवळ नसलं तरी बरा न होणारा आजार किंवा अपंगत्व असलेल्याला अर्ज करता येतो. दोघांनी तपासायचं आणि त्यासाठी किमान ९० दिवस घ्यायचे. खुर्ची फिरेल असं सरकारी मदतीचं घर मिळायला मात्र ऑन्टारिओत वर्षं जातात. धडधाकट माणूस मरायचं म्हणाला तर लोक त्याला धरून ठेवतात. तुमच्या भाच्याला मात्र विचारतील, निकषात बसता का? आमचा विरोध या फरकाला आहे. २०२३ मध्ये तिथे या कायद्याने १५,३४३ माणसं गेली. त्यांतली ६२२ मरणाच्या दारात नव्हती. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीनेही २०२१ ची ही वाढ रद्द करा, असं कॅनडाला सांगितलं.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला लॅरी मॅकॅफी १९८५ मध्ये मोटारसायकलवरून पडला आणि मानेखाली लुळा झाला. श्वास यंत्रावर. घरी राहायची सोय नाही म्हणून एका संस्थेतून दुसरीकडे, असं त्याला हलवत राहिले. त्याने यंत्र बंद करायची परवानगी मागितली. १९८९ मध्ये न्यायालयाने दिली. नको असलेला उपचार नाकारायचा हक्क त्याचा होताच, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण अपंग कार्यकर्ते त्याच्यापाशी गेले, संस्थेबाहेर राहायची सोय लावायला झटले, आणि परवानगी हातात असून त्याने ती वापरली नाही. तो आणखी काही वर्षं जगला. त्याचा प्रश्न यंत्राचा नव्हता, पत्त्याचा होता!

शेवटच्या घटका मोजणाऱ्याला नळ्यांना बांधून ठेवू नये, हे मलाही पटतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तेवढीच, उपचार थांबवण्याची मुभा दिली आहे. तुमचा भाचा मरणाला टेकलेला नाही, ताई.

त्याला आजच फोन करा. ‘सुटेल’ हा शब्द तुमच्या आवाजातसुद्धा येऊ देऊ नका. आम्हाला तो लगेच ऐकू येतो. अर्जाचा विचार पक्का होतोय का, हे सरळ विचारा, आणि होत असेल तर त्याला एकटं राहू देऊ नका, बायकोला आणि त्याच्या डॉक्टरांना लगेच सांगायला लावा. मग विचारा, रात्री कूस कोण बदलतं? पगारी मदतनीस आठवड्याला किती तास मिळतो? न्हाणीघरात खुर्ची जाते का? बायको शेवटची सलग कधी झोपली? तिथल्या पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांच्या संघटनेतलं कुणी भेटून गेलं का? उत्तरं लिहून मला पाठवा.