तीस महिने कुठून मोजायचे? पीसीटी अर्ज आणि हुकलेली तारीख

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत आमचं पंचवीस कामगारांचं युनिट आहे. ठिबक सिंचनाच्या एका व्हॉल्व्हसाठी २० मार्च २०२३ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयात प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज केला आणि १९ मार्च २०२४ रोजी स्वतःच पीसीटी अर्ज (अनेक देशांसाठीचा एकच आंतरराष्ट्रीय पेटंट अर्ज) भरला. त्यात ४२ पानं आणि १६ दावे (ज्यांवर हक्क मागतो ते मुद्दे) आहेत. परदेशात पेटंट मागायला तीस महिने मिळतात, म्हणजे सप्टेंबर २०२६ पर्यंत वेळ आहे असं समजून चाललो होतो. आता कळतंय की मुदत आधीच्या तारखेपासून मोजतात. भारतात अर्ज आहेच, त्यामुळे इकडची काळजी नाही. पण युरोप, अमेरिका हवे आहेत आणि चीनमध्ये नक्कल होण्याची भीती आहे. अमेरिकेबद्दल जुलैमध्ये मी भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर 'वर्षभराने बघू' असं लिहिलं होतं, त्याची अडचण होईल का? एक परिचित म्हणतात, प्रायॉरिटी (आधीच्या अर्जाच्या तारखेवरचा हक्क) मागे घ्या, आपोआप वर्ष वाढून मिळेल. डिसेंबर २०२३ मध्ये मोशीच्या कृषी प्रदर्शनात आम्ही हा व्हॉल्व्ह मांडला होता, हेही सांगून ठेवतो.

उत्तर (२६ सप्टेंबर २०२५):

नमस्कार. तुमच्या पत्रातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेला आहात: 'भारतात अर्ज आहेच'. तो आज नाही. प्रोव्हिजनल अर्जामागून बारा महिन्यांत भारतात कंप्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे नव्या रचनेचं दाव्यांसह पूर्ण वर्णन, दाखल करावं लागतं. ते केलं नाही तर पेटंट कायद्याच्या कलम ९(१) प्रमाणे तो अर्ज सोडून दिला असं धरतात. तुम्ही त्या बारा महिन्यांत पीसीटी अर्ज केलात, कंप्लीट स्पेसिफिकेशन भारतात वेगळं दिलं नाहीत. म्हणजे २० मार्च २०२४ ला प्रोव्हिजनल निकालात निघाला. त्याची तारीख प्रायॉरिटीसाठी अजून उपयोगी आहे, पण पेटंट देऊ शकेल असा अर्ज म्हणून तो संपला. भारताचा हक्क आता तुमच्या पीसीटी अर्जातच आहे, कारण त्यात भारतही आपोआप नामनिर्देशित असतो. तो हक्क जागा करायचा तर जर्मन किंवा जपानी कंपनीला जसं भारतात नॅशनल फेजमध्ये (त्या-त्या देशाच्या कार्यालयातल्या टप्प्यात) यावं लागतं, तसंच तुम्हालाही यावं लागेल. भोसरीहून मुंबईला, व्हाया जिनिव्हा (पीसीटी अर्जांचं आंतरराष्ट्रीय कार्यालय तिथे आहे).

आता मोजणी. पेटंटस्कोपवर (पेटंट अर्जांच्या ऑनलाइन संग्रहावर) तुमच्या प्रकाशित अर्जाचं पहिलं पान उघडा. कंसात छोटे आकडे दिसतील. (२२) समोर आंतरराष्ट्रीय अर्जाची तारीख आहे, १९ मार्च २०२४. (३०) समोर प्रायॉरिटी, २० मार्च २०२३. तुम्ही बावीसवरून मोजलंत, मोजायचं तिसावरून. तीस महिने तिसाच्या रकान्यापासून, एवढं डोक्यात ठेवलं तरी गोंधळ होत नाही. २० मार्च २०२३ पासून तीस महिने २० सप्टेंबर २०२५ ला भरले. तो शनिवार होता, म्हणून अमेरिकेसाठी मुदत सोमवार २२ सप्टेंबरपर्यंत गेली. घटस्थापनेच्या दिवशी ती संपली. एकतीस महिने २० ऑक्टोबरला भरतात. भारत, युरोपियन पेटंट ऑफिस, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, दक्षिण आफ्रिका यांची मुदत एकतीस महिन्यांची आहे. अमेरिका, जपान आणि ब्राझीलची तीस.

या मुदतींची आठवण जिनिव्हाचं कार्यालय स्वतःहून पाठवतं: पहिली सूचना एकोणीस महिन्यांनंतर, दुसरी अठ्ठावीस महिन्यांच्या सुमारास. फॉर्मचा क्रमांक पीसीटी/आयबी/३०८. अर्जात जो ई-मेल दिला होता तो आज कोण उघडतं, ते तपासा. सोडून गेलेल्या माणसाच्या नावाचा पत्ता असेल तर दोन्ही सूचना तिथे पडून असतील. तो पत्ता आता जिनिव्हात बदलून मिळणार नाही, तीस महिने उलटल्यावर तिथे असे बदल नोंदवत नाहीत. यापुढे प्रत्येक देशात वेगळा पत्ता द्यावा लागेल.

२० ऑक्टोबर यंदा नरक चतुर्दशी आहे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या कार्यालयांना सुट्टी असते आणि कार्यालय बंद असल्यास दुसऱ्या दिवशी दाखल केलेलं चालतं, असा युक्तिवाद भारतापुरता करता येईल. पण युरोपियन पेटंट ऑफिसच्या म्युनिकला दिवाळी नसते. शिवाय पोर्टल सुट्टीतही चालू असतं, त्यामुळे युक्तिवाद करण्याची वेळच येऊ देऊ नका. भारताचं काम दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आणि युरोपचं १५ ऑक्टोबरच्या आत संपवा. वसुबारस १७ तारखेला आहे, त्यानंतर तुमचा सीए, बँक आणि कुरिअरवाला कोणीच हाताला लागणार नाही.

भारतासाठी फॉर्म १, स्पेसिफिकेशनसह फॉर्म २, फॉर्म ३ आणि फॉर्म ५ लागतील. वकील किंवा एजंट नेमलात तर फॉर्म २६. उद्यम प्रमाणपत्र असेल तर फॉर्म २८ सोबत ते जोडा. या एका कागदाने फी पाचपट कमी होते. लघुउद्योगाला ऑनलाइन मूळ फी १,६०० रुपये, तीस पानांवरच्या प्रत्येक पानाला १६०, दहा दाव्यांवरच्या प्रत्येक दाव्याला ३२०. तुमची १२ पानं आणि ६ दावे जास्त आहेत, म्हणजे १,९२० अधिक १,९२०. उद्यम नसेल तर हाच हिशोब ८,०००, ९,६०० आणि ९,६०० असा होतो.

इथे आणखी एक खड्डा आहे. परीक्षणाची विनंती, म्हणजे फॉर्म १८, पूर्वी अठ्ठेचाळीस महिन्यांपर्यंत देता येत असे. १५ मार्च २०२४ ला नियम बदलले आणि ती मुदतही प्रायॉरिटीपासून एकतीस महिन्यांवर आली. तुमचा पीसीटी अर्ज चार दिवसांनंतरचा आहे. म्हणून नॅशनल फेज आणि फॉर्म १८ दोन्ही एकाच दिवशी संपतात. आधी आत शिरू, परीक्षणाचं मागाहून बघू, असं करू नका. विनंती वेळेत नसेल तर अर्ज मागे घेतला असं कलम ११बी(४) प्रमाणे मानतात. फॉर्म १८ चे ४,००० रुपये धरून तुमची सरकारी फी ९,४४० रुपये होते. उद्यम नसेल तर ४७,२०० रुपये.

नियम १३८ खाली फॉर्म ४ भरून सहा महिन्यांपर्यंत मुदतवाढ मागता येते, हेही त्याच बदलांनी आलं. पण ती देणं पेटंट नियंत्रकांच्या हातात आहे आणि फी महिन्यागणिक चढते. हातात चोवीस दिवस असताना त्या वाटेला जाण्याचं कारण नाही. संचालकाचं डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट मात्र आजच तपासा. ऐन दिवशी ते कालबाह्य निघणं ही या कामातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात नेहमीची चूक आहे. पेटंटस्कोपच्या कागदपत्रांत पीसीटी/आयबी/३०४ हा फॉर्मही शोधा. प्रायॉरिटीचा दस्तऐवज जिनिव्हाला पोहोचल्याची ती पोच असते. ती नसेल तर प्रोव्हिजनलची प्रमाणित प्रत मुंबई कार्यालयातून लगेच मागवा.

युरोपात अर्ज इंग्रजीत चालतो, भाषांतर लागत नाही. दावे पंधराच्या वर गेले की प्रत्येकाची वेगळी फी पडते. तुमचे सोळा आहेत. एक दावा काढा किंवा दुसऱ्यात मिसळा. आंतरराष्ट्रीय शोध अहवाल (असं काही आधी झालं आहे का, ते शोधणारा) भारतीय पेटंट कार्यालयाकडून घेतला असेल तर म्युनिक स्वतःचा पूरक शोध घेतं, त्याचेही पैसे धरून ठेवा.

अमेरिकेची तारीख गेली, तरी तिथे परत जाता येतं. उशीर अजाणता झाला असेल तर हक्क जागा करण्यासाठी पिटिशन करता येतं. सोबत राहिलेली नॅशनल फी, पिटिशनची फी आणि 'संपूर्ण विलंब अजाणता होता' असं निवेदन लागतं. पाचशेपेक्षा कमी माणसांच्या उद्योगाला पिटिशनची फी ९०४ डॉलर आहे, मोठ्यांना २,२६०. पीसीटीला बगल देऊन तिथे थेट नवा अर्ज टाकण्याची एक पद्धत आहे, पण ती मूळ अर्ज अमेरिकेपुरता जिवंत असताना वापरतात. आज ती वाट पिटिशनशिवाय खुली नाही.

त्या निवेदनातल्या 'संपूर्ण' या शब्दावर थांबा. इथे तुमचा भावाला पाठवलेला मेसेज महत्त्वाचा ठरतो. तुम्ही 'अमेरिका नको' असं लिहिलं असतं आणि आता ग्राहक भेटल्यामुळे मत बदललं असतं, तर तो जाणूनबुजून घेतलेला निर्णय झाला असता. त्यावर असं निवेदन करता येत नाही. खोटं केलं तर पुढे मिळालेलं पेटंटही कोर्टात कोसळतं. पण तुमचं 'वर्षभराने बघू' हे चुकीच्या तारखेवर बेतलेलं आहे: तुमच्या समजुतीने वर्षभर बाकी होतं. हा अजाणता विलंब आहे. मेसेज डिलीट करू नका. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, ज्या कागदावर सप्टेंबर २०२६ लिहिलं होतं तो कागदही ठेवा आणि दोन्ही अमेरिकन अ‍ॅटर्नीला दाखवून मगच सही करा. आणि चूक कळल्यानंतरचे दिवसही 'संपूर्ण' विलंबात मोजले जातात. आज कळलं आणि फेब्रुवारीत पिटिशन केलं, तर मधल्या चार महिन्यांचं उत्तर तुमच्याकडे नसेल. दसऱ्याआधी अ‍ॅटर्नी नेमा.

चीनमध्ये तीस महिने गेले असले तरी जादा १,००० युआन भरून बत्तीस महिन्यांपर्यंत, म्हणजे २० नोव्हेंबर २०२५ पर्यंत जाता येतं. त्यासाठी आधी अर्ज किंवा कारण द्यावं लागत नाही. खरी अडचण भाषांतराची आहे. चिनी मजकूर त्याच दिवशी सोबत लागतो. ४२ तांत्रिक पानं शेवटच्या आठवड्यात करायला दिलीत तर 'डायफ्राम'चा पडदा आणि 'सीट'ची खुर्ची होऊन बसेल, आणि चिनी मजकुरातली चूक पुढे दाव्यालाच चिकटते. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भाषांतर सुरू व्हायला हवं. २० नोव्हेंबरनंतर मात्र महापुरासारखं कारण असल्याशिवाय तिथे दाद लागत नाही.

राहिला तुमच्या परिचितांचा सल्ला. प्रायॉरिटी मागे घेतली की मुदती पीसीटी अर्जाच्या तारखेपासून नव्याने मोजतात, हे खरं आहे. पण ती तीस महिन्यांच्या आतच मागे घेता येते आणि ते महिने संपले. वेळ असती तरी नको म्हटलं असतं. प्रायॉरिटी गेली की तुमची तारीख १९ मार्च २०२४ होते आणि मोशीचं प्रदर्शन तिच्या तीन महिने आधीचं. मग वस्तू आधीच उघड झाली म्हणून युरोप आणि चीनमध्ये तुमचाच स्टॉल तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरला असता. आज प्रोव्हिजनलची तारीख तुम्हाला त्या स्टॉलपासून वाचवते आहे, तेही प्रोव्हिजनलमध्ये जेवढं लिहिलं होतं तेवढ्यापुरतंच. नंतर पीसीटी अर्जात घातलेली सुधारणा मोशीत दाखवली होती का, हे प्रदर्शनातले फोटो आणि माहितीपत्रक समोर ठेवून तपासा. तशी असेल तर त्या दाव्याचं काय करायचं, ते युरोपात अर्ज जाण्याआधी ठरवावं लागेल.

युरोपात अर्ज गेला की पुढची तारीख ३१ मार्च २०२६, तिसऱ्या वर्षाची नूतनीकरण फी. ही मात्र बावीसच्या रकान्यावरून मोजतात.