दोन गाड्या आणि एकच एनसीबी: ५० टक्के कुठल्या गाडीवर बसवायचे?

दादा, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २०१६ ची स्विफ्ट तुमच्या नावावर आहे, पाच वर्षांहून जास्त काळ क्लेम नाही, त्यामुळे ५० टक्के एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस. आता नवी एसयूव्ही घेताय, पण स्विफ्ट विकायची नाही, मुलगी कॉलेजला नेणार. तुमचा एजंट म्हणतो ५० टक्के एकाच गाडीला मिळतील. शोरूममधला इन्शुरन्सवाला म्हणतो, "दोन्हीला लावून देतो, टेन्शन नका घेऊ." खरं कोणाचं?

एजंटचं. आणि शोरूमवाल्याच्या बोलण्याचं टेन्शन तुम्ही जरूर घ्या.

एनसीबी म्हणजे क्लेम न केल्याबद्दलचं बक्षीस, प्रीमियममधली सूट. ते मालकाचं असतं, गाडीचं नाही. म्हणून गाडी विकली की घेणाऱ्याला तुमचे ५० टक्के मिळत नाहीत, ते तुमच्याकडे राहतात आणि तुमच्या पुढच्या गाडीवर नेता येतात. पण एका वेळी ते एकाच गाडीवर बसतात. तुम्ही स्विफ्टवर कमावलेले ५० टक्के स्विफ्टवरही ठेवले आणि नव्या गाडीवरही लावले, असं चालत नाही. दुसरी गाडी तुमच्याच नावावर असली तरी तिची शिडी वेगळी आणि ती शून्यापासून सुरू: पहिलं वर्ष बिनक्लेमचं गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५०. त्यावर पायरी नाही.

मग शोरूमवाला दोन्हीला कसा लावून देतो? सोपं आहे. प्रपोजलमध्ये, म्हणजे विम्याच्या अर्जात, "मागचा एनसीबी ५०" असं टाकतो आणि खाली तुमची सही घेतो. त्या सहीच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही माहिती खोटी निघाली तर पॉलिसीच्या पहिल्या भागाचे, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे, सगळे लाभ जप्त. नव्या कंपनीने जुन्या कंपनीला लिहून एनसीबीची खातरजमा करायची, असं मोटार टॅरिफमध्येच आहे. ती खातरजमा निवांत झाली नाही तर क्लेमच्या वेळी होते. म्हणजे आपल्या नाशकात मुंबई नाक्याला कोणी मागून ठोकलं, गाडी वर्कशॉपला लागली आणि तिथे कळतं की आपली पॉलिसी कागदापुरती आहे. शोरूमवाल्याचं कमिशन तोवर पोचलेलं असतं.

तेव्हा दोन्हीला कसा लावायचा हा विचार सोडा आणि कुठल्या गाडीवर ठेवायचा ते ठरवा. इथे खरे पैसे आहेत.

आधी एक गोष्ट पक्की करा: एनसीबी फक्त ओडीच्या, म्हणजे ओन डॅमेजच्या, प्रीमियमवर मिळतो. थर्ड पार्टीवर, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीच्या सक्तीच्या विम्यावर, दमडी सुटत नाही. १ जून २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या कारला थर्ड पार्टीचे वर्षाला ३,४१६ रुपये होते, मग तुम्ही दहा वर्षं क्लेम न केलेले असोत की दर पावसाळ्यात क्लेम करणारे. नव्या कारला तर थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांची घ्यावी लागते. त्यामुळे शोरूमच्या कोटेशनचा शेवटचा आकडा बघून घाबरू नका आणि हुरळूही नका. ओडीची ओळ वेगळी वाचा.

आता गणित. आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या कोटेशनमधले घालून बघा. समजा स्विफ्टचा ओडी एनसीबीशिवाय ५,००० येतो आणि नव्या एसयूव्हीचा २६,०००. स्विफ्टवर ५० टक्के म्हणजे २,५०० वाचतात. तेच नव्या गाडीवर नेले तर १३,०००, वर १८ टक्के जीएसटी धरून १५,३४०. हे झालं एका वर्षाचं. एनसीबी नेला नाही तर नवी गाडी शून्यापासून चढते, म्हणजे पहिल्या वर्षी तुम्ही ५० टक्के मागे, दुसऱ्या वर्षी ३०, मग २५, १५ आणि ५. बेरीज १२५ टक्के. प्रीमियम तोच राहिला असं मानलं तर पाच वर्षांत ३२,५०० रुपये. प्रत्यक्षात आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, दर वर्षी उतरते म्हणून थोडे कमी. स्विफ्ट शून्यावर आली तर तिचं नुकसानही १२५ टक्केच, पण ५,००० चं. म्हणजे ६,२५०. कुठल्या गाडीवर ५० टक्के ठेवायचे हे सांगायला मग मी कशाला लागतो?

अडचण इतकीच की स्विफ्ट तुमच्या नावावर असेपर्यंत कंपनी तुम्हाला एनसीबी सोडवून देत नाही. त्यासाठी गाडी नावावरून जावी लागते. ती विकायलाच हवी असं नाही, मुलीच्या किंवा वहिनींच्या नावावर केली तरी चालते. हा खराखुरा ट्रान्सफर असतो, पळवाट नाही. परिवहनच्या साइटवर अर्ज, फॉर्म २९ आणि ३०, मग पेठ रोडच्या आरटीओत जे काय राहील ते. आरसीवर नवं नाव आलं की विमा कंपनीला कळवायचं. ट्रान्सफर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी नव्या मालकाच्या नावावर करून घ्यायला अर्ज द्यावा लागतो. हे पुष्कळ जण विसरतात. थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकाकडे जाते, पण ओडी जात नाही. म्हणजे मुलगी गाडी चालवतेय, पॉलिसी तुमच्या नावावर, आरसी तिच्या नावावर, आणि ठोकली तर क्लेम अधांतरी.

पॉलिसी तिच्या नावावर होताना कंपनी तुम्हाला दिलेली सूट उरलेल्या महिन्यांपुरती परत मागेल, कारण तिचा स्वतःचा एनसीबी शून्य आहे. पाच महिने उरले असतील तर २,५०० चे पाच-बारांश, साधारण १,०४२, अधिक जीएसटी. ते भरा आणि त्याच वेळी तुमच्या नावाचं एनसीबी रिझर्व्हिंग लेटर, म्हणजे तुमचे ५० टक्के राखून ठेवल्याचं पत्र, मागून घ्या. एजंट लोक नुसतं 'एनसीबी लेटर' म्हणतात. जुनी पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत नवी पॉलिसी घेतली तर हे ५० टक्के वापरता येतात, आणि कंपनी दुसरी असली तरी चालते.

हे सगळं नव्या गाडीची पॉलिसी निघायच्या आधी हातात हवं. लोक दसऱ्याचा मुहूर्त धरतात आणि लेटरची आठवण आदल्या आठवड्यात काढतात. आरटीओ आपल्या मुहूर्तावर चालत नाही. "नंतर जोडून देऊ" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. किमान दीड-दोन महिने आधी सुरुवात करा.

नावाचा एक घोळ आमच्या सोसायटीत प्रत्यक्ष झाला. जुनी गाडी नवऱ्याच्या नावावर, ती विकली, लेटर घेतलं, सगळं व्यवस्थित. आणि नवी गाडी हौसेने बायकोच्या नावावर बुक केली. लेटर राहिलं फाइलमध्ये. नवऱ्याचा एनसीबी बायकोच्या गाडीला चालत नाही, घर एक असलं तरी. तसंच वर्गाचं: कारचा एनसीबी कारला, दुचाकीचा दुचाकीला. ॲक्टिव्हावरचे ५० टक्के एसयूव्हीवर नेता येतात का असं मला एकाने अगदी गंभीरपणे विचारलं होतं.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल फायदाच सांगितला. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा, म्हणजे पीए, जानेवारी २०१९ पासून वेगळा झाला. तुमच्या नावावर दोन गाड्या असल्या तरी तो एकदाच पुरतो. दुसऱ्या गाडीच्या कोटेशनमध्ये तो पुन्हा घातलेला असेल तर काढायला लावा, बहुतेक वेळा घातलेलाच असतो. पण स्विफ्ट मुलीच्या नावावर गेली की ती वेगळी मालकीण, तिला तिचा पीए लागेल. काही शे रुपयांचा खर्च आहे, घ्या. आणि तुम्ही कधी तिची स्विफ्ट चालवाल तेव्हा तिचा मालक-चालक विमा तुम्हाला लागू नसेल, हे ध्यानात ठेवा.

मात्र मुलगी नवशिकी आहे, आणि तिथे हा बदल तुमच्या चांगलाच पथ्यावर पडतो. दोन गाड्यांच्या शिड्या वेगळ्या असल्याने तिने कॉलेज रोडला पार्किंगमध्ये दार घासलं तरी तुमच्या एसयूव्हीचे ५० टक्के जागच्या जागी राहतात. आणि स्विफ्ट शून्यावर असल्यामुळे तिथे क्लेम करताना गमवायला फारसं नसतं: पुढची २० टक्क्यांची पायरी एक वर्ष लांबते, बाकीच्या मागोमाग सरकतात. पाच वर्षांचा हिशेब केला तर ओडीच्या ५० टक्के, म्हणजे या उदाहरणात २,५०० रुपये. दुरुस्ती दहा हजारांची असेल तर बिनधास्त क्लेम करा. एवढं बघा की झिरो डेप, म्हणजे भागांची घसारा-कपात टाळणारं जादा कव्हर, नसेल तर बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या भागांचे निम्मे पैसे कापले जातात, आणि १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये सक्तीने आपल्या खिशातले.

एसयूव्हीचं उलट. तिथे आठ हजारांच्या ओरखड्यासाठी क्लेम केला तर हातात येतील सात, आणि पुढच्याच रिन्यूअलला जातील तेरा, वर जीएसटी. पुढच्या वर्षांचं वेगळंच. सध्या सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेत, खडी उडते, गाड्या घासतात. शोरूमचा सर्व्हिसवाला "क्लेम टाकून देतो सर" असं सहज म्हणून जातो, कारण त्याला बिल कंपनीकडून मिळतं. तुम्ही आधी ओडीची ओळ आठवा. माझा स्वतःचा नियम: वीस हजारांच्या आतलं काम असेल तर पंचवटीतल्या ओळखीच्या डेंटरकडे. एनसीबी प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचं कव्हर, मिळतं, त्यात ठरावीक क्लेम होऊनही एनसीबी राहतो. नव्या महागड्या गाडीला मी ते घेईन, स्विफ्टला घेऊन काय करायचं?

आता माझीच फजिती, दोन गाड्या असणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची. रोजच्या गाडीची पॉलिसी कधी संपते ते आपल्याला पाठ असतं. दुसरी गाडी उभीच असते. माझी जुनी वॅगनआर वडिलांच्या घरी अंगणात असायची, महिन्यातून दोनदा दिंडोरीला मळ्यात जायची. पॉलिसीवर नंबर जुन्या एजंटचा, त्यामुळे रिन्यूअलचे मेसेज त्याला. त्याने विम्याचं काम कधीच सोडलं होतं. मला कळलं तेव्हा पॉलिसी संपून ९७ दिवस झाले होते. गाडी नावावर असताना तिची पॉलिसी रिन्यू करून एनसीबी टिकवायची मर्यादा ९० दिवसांची, लेटरची तीन वर्षं इथे लागू नाहीत. सात दिवसांपायी ४५ टक्के शून्य झाले, वर गाडीचं इन्स्पेक्शन, आणि त्या तीन महिन्यांत मी विम्याशिवाय दिंडोरी रोडवर फिरत होतो हे वेगळंच. पकडलं असतं तर पहिल्या वेळी २,००० दंड. अपघात झाला असता तर त्याचा विचारच नको. दोन्ही पॉलिसींवर स्वतःचा मोबाइल नंबर आहे का ते आजच बघा.

थोडं इतर, कारण याच धाग्यात दोघातिघांनी विचारलंय. विमा नियामक आयआरडीएआयने जुलै २०२२ मध्ये एकाच मालकाच्या अनेक गाड्यांसाठी फ्लोटर, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच, पॉलिसीला मुभा दिली. "एकाच मालकाच्या" हे शब्द महत्त्वाचे, नवरा-बायकोच्या दोन गाड्या त्यात बसत नाहीत. घेणार असाल तर एका गाडीच्या क्लेमने दुसरीच्या एनसीबीचं काय होतं ते लेखी विचारा.

सातपूर-अंबडला नोकरी करणाऱ्यांसाठी: कंपनीने दिलेली गाडी तुम्ही एकट्यानेच वापरली आणि नंतर स्वतःच्या नावावर घेतली, तर त्या काळातला एनसीबी तुम्हाला मिळू शकतो. तसं कंपनीचं पत्र मात्र लागतं. नोकरी सोडायच्या गडबडीत ते राहून जातं आणि मग एचआरच्या मागे फिरा.

आणि वडिलांची गाडी. मालक गेल्यावर गाडी पत्नी, मुलं किंवा आई-वडिलांकडे आली तर त्यांचा एनसीबीही त्यांच्याकडे येतो. मालकासोबत सूट जाते या नियमाला हा अपवाद आहे आणि काही एजंटनाही तो ठाऊक नसतो. आमच्या एका नातेवाइकांना शून्य लावलं होतं, नियम दाखवल्यावर दुरुस्त झालं.

जुनी गाडी एक्स्चेंजला देणाऱ्यांनी आरसीवरचं नाव बदललं की नाही याचा पाठपुरावा करा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, जबाबदार मालक तोच. गाडी ताब्यात दिल्याची डिलिव्हरी नोट असली तरी.

दादा, दोन गोष्टी सांगा. स्विफ्टवर कर्जाचा बोजा अजून आरसीवर आहे का? कर्ज फिटलं तरी तो उतरवलेला नसतो पुष्कळदा, आणि मग ट्रान्सफर तिथेच अडतो, बँकेची एनओसी आधी लागेल. आणि सध्याची पॉलिसी कुठल्या तारखेला संपते? नवी गाडी येण्याच्या आगेमागेच संपत असेल तर उरलेल्या महिन्यांची सूट परत भरण्यापेक्षा रिन्यूअललाच ट्रान्सफर जुळवता येईल. तारीख टाका, आकडा काढून देतो.