ठोके नव्वदच्या खाली येतच नाहीत, हे टेन्शन आहे का?

"मॅडम, यांच्या डोक्यातलं हार्टचं भूत तेवढं काढा," असं म्हणून मुलाने वडिलांना माझ्यासमोर बसवलं आणि फोन आला म्हणून तो बाहेर गेला. चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'अँग्झायटी? समुपदेशन.' ते प्रश्नचिन्ह पुढे फार उपयोगी पडलं.

काका तासगावकडचे द्राक्षबागायतदार, वय ६१, शुगर सतरा वर्षांची. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सुनेने दिवाळीत मनगटी घड्याळ दिलं, तेव्हापासून बसल्या जागी शंभर-एकशेदोन ठोके त्यांना दिसत होते. त्यात वैशाखात भाच्याच्या लग्नात पंगतीतून उठले आणि दोन पावलांवर डोळ्यांपुढे अंधारी येऊन मटकन खाली बसले. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं पित्त. ईसीजीत ठोके जास्त, बाकी काही नाही. मग घरच्यांनी टेन्शन ठरवून टाकलं. त्या साली द्राक्षाचा व्यापारी पैसे बुडवून पळाला होता, त्यामुळे ते पटण्यासारखंही होतं.

मलाही पटलं होतं. नेहमीसारखी झोपेची, विचारांची चौकशी सुरू केली. पण माझी नजर त्यांच्या मनगटाकडे जात राहिली. व्यापाऱ्याचा विषय निघाला, आवाज कापायला लागला, घड्याळात १०१. नातवाने कोंबडीला शाळेचा टाय बांधल्याचं सांगताना पोट धरून हसले, तरी १०१. फोनमध्ये रात्रीची नोंद पाहिली, पहाटे तीनला गाढ झोपेत ९६.

घाबरलेल्या माणसाची नाडी मी रोज पाहते. ती चढते, पाणी प्यायल्यावर, बोलून झाल्यावर उतरते, झोपेत तर नक्कीच उतरते. इथे माणूस हसत-रडत होता आणि आकडा जागचा हलत नव्हता. मी उठून शेजारच्या खोलीत डॉक्टरांकडे गेले आणि एवढंच सांगितलं.

त्यांनी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं, कारण ठोके त्यानेही वाढतात. दोन्ही ठीक निघालं. मग काकांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घेतलं, १५४/८६. उभं केलं. एका मिनिटाला वरचं १३०. तिसऱ्या मिनिटाला १२२/७४, आणि काका म्हणाले, "मानेत ओढल्यागत होतंय." उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला, तर ते नेहमीचं मानत नाहीत. एवढं बीपी घसरूनही ठोके फक्त तीनने वाढले होते. सतरा वर्षांत त्यांच्या दंडाला शंभरदा तरी पट्टा बांधला गेला असेल, पण खुर्चीत बसवून. उभं करून एकदाही नाही. मला याचा जरा राग आला, पण तो कुणावर काढणार? ओपीडीत एवढा वेळ कुणाकडे असतो!

मग श्वासाची चाचणी. पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, मिनिटात सहा श्वास. श्वास घेताना ठोके वाढतात, सोडताना कमी होतात. हा फरक १५ च्या वर असला तर चांगला, १० च्या खाली आला तर गडबड. वयाप्रमाणे तो थोडा कमी होतोच, पण काकांचा ३ निघाला. एडिंबरात डॉ. युइंग यांनी १९७० च्या दशकात अशा साध्या चाचण्यांचा संच बसवून दिला, तोच आजही चालतो.

"हृदयाच्या नसा खराब झाल्यात," हे कळल्यावर मुलगा लगेच म्हणाला, "मग अँजिओग्राफी करून घेऊ, स्टेंट टाकू." मराठीत हा घोटाळा नेहमी होतो. आपण रक्ताच्या वाहिनीलाही नस म्हणतो आणि मेंदूचा निरोप नेणाऱ्या तंतूलाही नसच. इथे बिघडले होते ते निरोप नेणारे तंतू, शाळेच्या पुस्तकातले चेतातंतू. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने तळपाय जसे बधिर होतात, तसे हृदयाकडे जाणारे तंतूही झिजतात. त्यांतला ठोके आवरून धरणारा व्हेगस सगळ्यांत लांब, म्हणून बहुधा आधी तोच जातो. आवरणारं कुणी नसलं की हृदय स्वतःच्या चालीने मिनिटाला शंभरच्या आसपास चालतं. पुढे रक्तवाहिन्या आवळणारे तंतूही गेले, की उभं राहिल्यावर रक्त पायांकडे उतरतं आणि ते वर ढकलायला कुणी उरत नाही. भरपेट जेवल्यावर रक्त पोटाकडे ओढलं जातं, म्हणून ती पंगत.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मोटार चांगली हाय, स्टार्टरची केबल उंदरानं कुरतडली." मी गेली काही वर्षं हे समजावते आहे, मला इतकं नेमकं कधी सुचलं नव्हतं.

गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी केली तेव्हा आणखी गोष्टी दिसल्या. बीपीची गोळी, लघवी अडते म्हणून प्रोस्टेटची, तळपायाच्या आगीसाठी अमिट्रिप्टिलिन. शेवटच्या दोन्हींनी उभ्याने बीपी आणखी घसरू शकतं, आणि तिन्ही तीन ठिकाणच्या डॉक्टरांनी दिलेल्या. चक्कर येते म्हणून काका बीपीची गोळी आठवड्यातून दोन-तीनदा चुकवत होते, त्यामुळे झोपलेलं असताना बीपी चढायचं. डॉक्टरांनी एक गोळी बदलली, दुसरीची वेळ हलवली. हे घरी आपल्या मनाने करायचं काम नव्हे.

मुलगा बाहेर गेल्यावर काकांनी खरी भीती सांगितली. चुलत भाऊ झोपेत गेला होता, त्यालाही शुगर. "मी पण तसाच जाणार न्हवं, ताई?" आणि मग हळूच, "ही रात्री माझ्या नाकापुढं बोट धरते. मी जागा असतो, पण झोपल्याचं सोंग करतो."

'काही होत नाही हो' असं मी म्हणाले नाही. या त्रासात हृदयाचा धोका वाढतो, हे खरं आहे. पण बोट धरून तो कमी होत नाही. पुढच्या वेळी काकूंना बोलावलं आणि कशावर लक्ष ठेवायचं ते सांगितलं. अशा माणसाला अटॅक आला तरी छातीत दुखेलच असं नाही. अचानक दम लागला, कारण नसताना दरदरून घाम सुटला, मळमळलं, अंग गळून गेलं, तर लिंबू-सोडा देत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा. साखर खूप उतरली तरी थरथर, धडधड जाणवेलच असं नाही, तेव्हा शंका आली की ग्लुकोमीटर. आणि कुठल्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आपणहून सांगायचं.

"हे बरं होतं का?" मुलाने विचारलं. गेलेले तंतू पूर्ण परत येतील असं नाही. पण डेन्मार्कच्या स्टेनो-२ अभ्यासात टाइप-२ च्या १६० रुग्णांपैकी ज्यांची साखर, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं एकत्र आवळून धरलं, त्यांच्यात सुमारे आठ वर्षांत ही झीज कितीतरी कमी जणांत वाढली. मात्र साखर घाईने पाडायची नाही, काकांच्या डॉक्टरांनी ती बेताबेताने आणली.

घरचे बदल अगदी साधे. झोपेतून उठताना आधी काठावर बसून पाय हलवायचे, मग उभं राहायचं. रात्री लघवीला उठताना दिवा लावूनच. अंघोळीला कढत पाणी बंद, न्हाणीत स्टूल. एका वेळी थोडं जेवायचं. पलंगाच्या उशाकडच्या खुरांखाली दोन विटा.

परवा दोघं आले. घड्याळात ९४ होते, म्हणजे फार काही हललं नव्हतं. पुतण्याच्या लग्नात काका खुर्चीवर जेवले, एकच बुंदीचा लाडू घेतला, उठण्याआधी पाणी प्यायले आणि टेबलाला धरून तीसपर्यंत आकडे मोजत उभे राहिले. वाढपी पोळ्या घेऊन ताटकळत होता.

"आणि रात्री?" मी काकूंना विचारलं.

"आता न्हाई धरत बोट," त्या म्हणाल्या. "घोरत्यात की चांगलं. ऐकू येतं."