आईची झोपेची गोळी कशी सोडवायची?

प्रश्न: डॉक्टर, आई 67 वर्षांची. बाबा गेले तेव्हा झोपेसाठी अल्प्राझोलाम 0.5 सुरू झाली, ती आज सहा वर्षं चालूच आहे. मागे मी गोळ्या लपवून ठेवल्या तर दोन-तीन दिवसांत हात थरथरायला लागले, घाम, रात्रभर जागी. काय करू?

उत्तर: ताई, परत असं अचानक बंद करू नका प्लीज, इतकी वर्षं रोज घेतलेली ही गोळी झटक्यात थांबवली तर फिटसुद्धा येऊ शकते. आणि आईंना बोलू नका हो, ते काही नाटक नव्हतं, मेंदूला औषधाची सवय झालीय एवढंच. फॅमिली डॉक्टरांकडेच जा, हे बहुतेक वेळा तिथेच जमतं. डोस साधारण दर 2 ते 4 आठवड्यांनी 5 ते 10 टक्के कमी करतात, त्रास झाला तर आहे तिथेच थांबायचं, घाई नाही, वर्ष लागलं तरी चालेल. अल्प्राझोलामचा असर लवकर उतरतो म्हणून कधी डायझेपामवर, म्हणजे याच जातीच्या पण असर हळू उतरणाऱ्या गोळीवर नेतात, पण ती म्हाताऱ्या शरीरात साठत राहते, मग सुस्ती येते, तोल जातो, त्यामुळे ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. फिट आधी कधी आली असेल, दारू किंवा दुसऱ्या गुंगीच्या गोळ्या चालू असतील तर मात्र मानसोपचारतज्ज्ञच हवेत.

अजून एक, अल्प्राझोलाम 2014 पासून शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, चिठ्ठीशिवाय मेडिकलवाला देत असेल तर घेऊ नका. दुपारची झोप आणि संध्याकाळचा चहा मात्र आजपासूनच कमी करा.