चीनचं शियामेन विद्यापीठ सिंगापूरच्या पैशातून कसं उभं राहिलं?

तान काह की या रबर व्यापाऱ्यामुळे. जन्म चीनच्या फूजिअन प्रांतातल्या जिमेईचा, कमाई सिंगापूरची. देश दुबळा राहतो तो शिक्षणाअभावी, ही त्यांची पक्की धारणा. १९२१ मध्ये विद्यापीठ सुरू झालं आणि पहिल्या इमारतींची पायाभरणी त्यांनी मुद्दाम ९ मे रोजी केली. १९१५ मध्ये याच दिवशी चीनने जपानच्या मागण्यांपुढे मान तुकवली होती. लोक तो राष्ट्रीय अपमानाचा दिवस मानत. म्हणजे पायाचा दगडच राजकीय होता! पुढे मंदीत रबराचे भाव कोसळले, १९३४ मध्ये कंपनी बुडाली, तरी घरं विकून त्यांनी विद्यापीठाचा खर्च भागवला. मला हे फार मोठं वाटतं. अखेर १९३७ मध्ये विद्यापीठ सरकारकडे गेलं.