मतदानयंत्राची चिठ्ठी नेमके काय सिद्ध करते?

प्रश्न : आमच्या वाचनालयातील चर्चेत मतदानयंत्रावरून खडाजंगी होते. मत दिल्यावर निवडलेले चिन्ह छापून येणारी चिठ्ठी (व्हीव्हीपॅट) डोळ्यांना दिसते, मग शंका कशाला, असे एका बाजूचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : हा वाद गोव्यात व्हावा हे स्वाभाविकच आहे, कारण १९९९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या संपूर्ण राज्याने यंत्रांवर मतदान केले आणि २०१७ मध्ये चाळीसही मतदारसंघांत त्यांना चिठ्ठीची जोड मिळाली. ती चिठ्ठी सात सेकंद दिसून बंद पेटीत पडते. आपले मत योग्य चिन्हावर छापले गेले, एवढेच ती मतदाराला सांगते. मोजणीतील आकडा चिठ्ठ्यांशी जुळतो की नाही, हे मात्र पडताळणीतूनच कळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात, आणि सर्वच चिठ्ठ्या मोजण्याची मागणी न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली. म्हणून यंत्र खरे की खोटे यावर भांडण्याऐवजी, पाच केंद्रांचा नमुना पुरेसा आहे का, हा प्रश्न आपण चर्चेला घ्यावा, असे मला मनापासून वाटते. आपले मतदारसंघ लहान असल्याने येथे पाच केंद्रांचा वाटा उत्तर प्रदेशातील वाट्यापेक्षा मोठा ठरतो, हेही तेव्हा विचारात घ्यावे.